तळ्याकाठची बर्फघरे

बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून, तिच्यावर लाकडाचा भुसा पसरून ठेवलेली आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. रसवंतीपाशी, लग्नघराच्या मागल्या अंगणात किंवा मालवण-कारवारकडच्या मासळीच्या धक्क्यावर ती हटकून दिसायची. लहान मुलांना त्या भुशाचे मोठे कोडे पडत असे. गोणपाट काय, भुसा काय, या तर ऊब देणाऱ्या वस्तू! मग त्यांनी बर्फ थंड कसा राहायचा? मोठी माणसे 'राहतो खरा' एवढेच सांगून मोकळी होत.

उत्तर सोपे आहे. भुशाच्या कणाकणांत हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहसा वाट देत नाही. आतली ऊब बाहेर जाऊ न देणारी गोधडी बाहेरची ऊब आत येऊ देत नाही, तसाच हा प्रकार. परंतु या साध्या भुशाच्या जोरावर एकेकाळी अर्ध्या जगाला वळसा घालणारा व्यापार उभा राहिला होता, आणि त्या व्यापारातला बर्फ आपल्या मुंबईच्या किनाऱ्यालाही लागला होता, हे आता फारसे कुणाच्या ध्यानात नाही. त्या व्यापाराचा उगम अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या काही तळ्यांकाठी होता. त्या तळ्यांची आणि त्यांच्या काठच्या बर्फघरांची ही हकीकत आहे.

०००

बोस्टन शहराच्या आसपास लहानमोठी तळी पुष्कळ आहेत. केंब्रिज गावालगतचे फ्रेश पाँड, त्याच्या शेजारचे स्पाय पाँड, उत्तरेकडचे वेनहॅम, पश्चिमेला काँकर्ड गावाजवळचे वॉल्डन. हिवाळ्यात ही तळी गोठत आणि बर्फाचा थर फूट-दीड फूट जाड होई. तळ्याकाठचे शेतकरी तो थोडाबहुत कापून, शेताच्या कडेला खड्डा किंवा लाकडी खोपटे करून, उन्हाळ्यासाठी साठवीत. दूध-लोणी टिकवावे, कुणाला ताप आला तर डोक्यावर ठेवावा, एवढाच त्याचा उपयोग. बर्फ विकायचा असतो, तोही परमुलखात, हे कुणाच्या मनात आले नव्हते.

ते आले फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या एका तरुणाच्या मनात. त्याचा जन्म १७८३चा. बोस्टनच्या सुखवस्तू घरातला हा मुलगा. त्या घराण्याच्या मुलांनी हार्वर्डमध्ये शिकावे अशी रीत, पण याने तेराव्या वर्षीच शाळा सोडली. तळ्यातला बर्फ उष्ण बेटांवर नेऊन विकावा ही कल्पना १८०५ साली त्याच्या थोरल्या भावाने बोलता बोलता काढली, असे सांगतात. भाऊ बोलून विसरला, फ्रेडरिकने मात्र ती गाठीशी बांधली. १८०६च्या फेब्रुवारीत सुमारे १३० टन बर्फ घेऊन त्याचे जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटाकडे निघाले, तेव्हा गावाने त्याला वेड्यातच काढले.

बर्फ मार्टिनिकला पोचला, ही गावाला खोटे पाडणारी गोष्ट झाली. पण तिथे तो ठेवायला जागा नव्हती, आणि विकत घेणाऱ्यांना त्याचे काय करावे हेही ठाऊक नव्हते. बघता बघता माल वितळला आणि ट्यूडरचे हजारो डॉलर पाण्यात गेले. पुढची काही वर्षे त्याने कर्जात काढली, कर्जापायी तुरुंगही पाहिला. परंतु मार्टिनिकने त्याला एक धडा दिला. बर्फ वाहून नेणे फारसे कठीण नाही, तो ठेवणे कठीण आहे. ज्या गावी विकायचा त्या गावी आधी बर्फघर पाहिजे. मग हवाना, चार्ल्स्टन, न्यू ऑर्लीन्स अशा उष्ण शहरांत त्याने आधी घर आणि मग बर्फ या क्रमाने बस्तान बसवले.

०००

धंदा वाढला तशी अडचण उभी राहिली ती तळ्यावर. हाताच्या करवतीने कापलेले तुकडे वेडेवाकडे निघत. ते एकावर एक नीट बसत नसत. मधल्या फटींतून हवा खेळे आणि माल वितळे. यावर तोड काढली नॅथॅनिएल वाइथ या तरुणाने. त्याच्या वडिलांचे फ्रेश पाँडच्या काठी हॉटेल होते, म्हणजे मुलगा तळ्याकाठीच वाढलेला. त्याने १८२५च्या सुमारास घोड्याने ओढायचा, नांगरासारखा एक कापणी-यंत्र बनवला. नांगराचा एक दात आधीच्या रेघेत धावे आणि दुसरा तिला समांतर नवी रेघ पाडी. त्यामुळे गोठलेल्या तळ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले जात. बावीस इंच लांबीरुंदीचे, सगळे एकाच मापाचे. एकसारख्या लाद्या विटांसारख्या चपखल रचता येऊ लागल्या, बर्फाची किंमत उतरली, आणि बर्फ हा शेतातल्या पिकासारखा कापणीचा माल झाला.

ही कापणी जानेवारी-फेब्रुवारीत, शेतावर काम नसण्याच्या दिवसांत चाले. आधी बर्फावर साचलेला भुसभुशीत हिमाचा थर घोड्यांच्या फावड्याने खरवडून काढायचा. मग रेघा आखायच्या, नांगर फिरवून त्या खोल करायच्या. शेवटी लोखंडी पहारीने लाद्या मोकळ्या करून, पाण्यात काढलेल्या वाटेने काठाकडे तरंगत न्यायच्या. माणसांच्या बुटांना लोखंडी खिळे असत. घोड्यांच्या गळ्यात एक दोर कायम बांधलेला असे. बर्फ फुटून जनावर पाण्यात पडले तर त्या दोराने त्याला ओढून काढायचे. पुढे काठावर उतरंड आणि तिच्यावरून लाद्या वर चढवायला आधी घोडे आणि नंतर वाफेचे यंत्र आले.

वरच्या टोकाला असे ते बर्फघर. गवताच्या गंजीची आणि कोठाराची सवय असलेल्या डोळ्यांना ते चमत्कारिक दिसे, कारण त्याला खिडक्या नसत. लाकडाच्या किंवा विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत भुसा किंवा चामडे कमावून उरलेल्या सालींचा चुरा, वरती उष्ण हवा निघून जायला झरोके, आणि तळाशी वितळलेले पाणी वाहून जायला निचरा. हा निचरा फार महत्त्वाचा, कारण साचलेले पाणी बर्फाचा वैरी. लाद्या छतापर्यंत रचून वर पुन्हा भुशाचा किंवा गवताचा जाड थर पसरायचा. ढीग जितका मोठा तितका टिकाऊ, कारण उष्णता शिरते ती पृष्ठभागातून आणि ढीग वाढला की आतल्या मालाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो. शिवाय एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्याच्या पाण्याला शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवता येते. बर्फ चिवट असतो तो यामुळे.

आणि तो भुसा? उत्तरेकडच्या मेन प्रांतात लाकूड कापण्याच्या गिरण्या होत्या. तिथे भुशाचे डोंगर साचत आणि त्यांचे करायचे काय, असा प्रश्न असे. बर्फवाल्यांनी तो केरकचरा उचलला. बोस्टनहून दूरदेशी निघणारी जहाजे बरेचदा माल नसल्याने दगडधोंडे भरून निघत, त्यांचे रिकामे पोटही स्वस्तात मिळाले. हिवाळ्यात हातांना काम नसलेली माणसे होतीच. फुकटचे पाणी, टाकाऊ भुसा, रिकामे जहाज आणि बेकार हात, या चार गोष्टींची मोट ट्यूडरने बांधली.

धंद्यात पैसा दिसू लागताच तळ्याकाठी तंटेही सुरू झाले. पाणी होते तोवर कुणी विचारले नव्हते, ते गोठल्यावर मात्र कुणाच्या वाट्याचा बर्फ कुठवर, हा वाद पेटला. १८४०च्या सुमारास फ्रेश पाँडचा हा वाद हार्वर्डमधले कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांच्याकडे गेला. ज्याचा काठ जेवढा लांब त्या मानाने त्याचा बर्फ, असे सूत्र धरून त्यांनी तळ्याची वाटणी केली आणि नकाशा काढून दिला. सरहद्दीचा प्रश्न कसा असतो हे आपल्या भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या तळ्यावरच्या रेषा निदान दर वसंतात वितळून तरी जात.

०००

१२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. वाटेत दोन वेळा विषुववृत्त ओलांडायचे, आफ्रिकेला वळसा घालायचा, आणि हे सगळे शिडांच्या बळावर. सुमारे चार महिन्यांनी, सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरले तेव्हा शंभरेक टन बर्फ शाबूत होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी मालाबरोबर आलेल्या विल्यम रॉजर्सना चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला नजर केला. सरकारने बर्फावरची जकात माफ केली, रात्री माल उतरवायची परवानगी दिली. गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर बांधायला घेतले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हिंदुस्थानात बर्फ नव्हता, तो अमेरिकेने दिला, असे या हकीकतीतून वाटण्याचा संभव आहे. ते खरे नव्हे. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करीत. दरबार लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून नावांनी, गाड्यांनी आणि माणसांच्या खांद्यांवरून बर्फ येई, हे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवले आहे. आणि ज्या गंगेच्या मैदानात पाणी आपसूक गोठत नाही, तिथेही बर्फ तयार करणारे कारागीर होते.

त्यांची रीत सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. अलाहाबादकडे मोकळ्या माळावर सुमारे तीस फूट लांबीरुंदीचे आणि दोन फूट खोल खड्डे खणत. त्यांत ऊस किंवा मक्याची वाळलेली चिपाडे हात-वीतभर पसरत. त्यांच्यावर सव्वा इंच खोलीच्या, झिरपणाऱ्या मातीच्या उथळ परळांच्या रांगा मांडत. संध्याकाळी उकळून निवलेले पाणी त्यांत ओतायचे आणि पहाटे, सूर्य उगवायच्या आत, परळांतला बर्फ खरवडून घ्यायचा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची उष्णता वर आकाशात निघून जाते, झिरपणाऱ्या भांड्याचे पाणी उडताना आणखी गारवा देते, आणि खालची चिपाडे जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तळ्याच्या काठी थंडीतल्या एखाद्या पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात ना, त्यामागेही हीच किमया आहे. अलाहाबादच्या त्या कारागिरांना भौतिकशास्त्राचे नाव ठाऊक नव्हते, पण आभाळ वाचता येत होते. हा बर्फ मग चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात पेंढा आणि घोंगड्यांत लपेटून उन्हाळ्यापर्यंत ठेवीत.

कलकत्त्याला अशा रीतीने केलेला हुगळीकाठचा बर्फ मिळे. तो चुऱ्यासारखा, गढूळ आणि महाग असे. त्याच्यापुढे तळ्याचा स्फटिकासारखा, कठीण आणि स्वस्त अमेरिकी बर्फ आला आणि स्थानिक बर्फ बाजारातून मागे पडला. मँचेस्टरच्या कापडापुढे आपल्या विणकरांचे काय झाले ते आपण शाळेत शिकलो. विदेशातून आलेल्या पाण्यापुढेही इथल्या कारागिरांना हार खावी लागली, हे मात्र कुठल्या पुस्तकात शिकवले गेले नाही. ट्यूडरला कलकत्त्याच्या व्यापारात वीस वर्षांत सुमारे दोन लाख वीस हजार डॉलर नफा झाला. कॉफीच्या सट्ट्यात बुडालेला तो गृहस्थ हिंदुस्थानच्या उन्हाळ्याच्या जोरावर कर्जातून वर आला.

०००

मुंबईत अमेरिकी बर्फ आला १८३४ साली. तो आणणारी पेढी जहांगीर नसरवानजी वाडिया यांची. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवले, आणि यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दीने गाठले, अशी बातमी 'बॉम्बे समाचार'ने दिली. बातमी देणाऱ्याच्या ओठावर हसू होते की मनात खरोखरच काळजी होती, हे आज कोण सांगणार! परंतु परक्या वस्तूचे कौतुक आणि तिच्याबद्दलचा संशय या दोन्ही गोष्टी एका वाटीत कशा येतात, त्याचा हा छान नमुना आहे.

पुढे १८४०च्या दशकात मुंबईतही वर्गणीतून बर्फघर उभे राहिले. ते फोर्टमध्ये अपोलो स्ट्रीटवर, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ होते. तापाच्या रोग्यांना आराम पडू लागला, इस्पितळांना त्याचा आधार वाटू लागला, क्लबातल्या पेल्यांत तो किणकिणू लागला. पण सारा भरवसा जहाजावर. जहाजाला उशीर झाला की बर्फघर रिकामे. धनिकांच्या टेबलावरचा गारवा आणि रोग्याच्या कपाळावरचा गारवा हे दोन्ही एकाच गलबताची वाट पाहत बसत.

मद्रासचे बर्फघर १८४२ साली समुद्रकाठी बांधले गेले. तिथे तेव्हा बंदर नव्हते. जहाजे दूर उभी राहत आणि माल लाटांतून मसुला नावाच्या होड्यांनी किनाऱ्याला येई. बर्फाच्या त्या लाद्या होडीतून, वाळूतून डोक्यावर वाहून नेणाऱ्या कोळ्या-हमालांना पहिल्यांदा काय वाटले असेल? हातांना चटका बसावा इतके थंड, आणि पाठीवरून ओघळणारे पाणी. हे कुणी त्यांना विचारले नाही, म्हणून आपल्याला ते ठाऊक नाही.

तीच गोष्ट पलीकडच्या काठची. १८४६-४७च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे वॉल्डन तळ्यावर बर्फ कापायला आली. तेव्हा त्या तळ्याकाठी एका लहानशा झोपडीत हेन्री डेव्हिड थोरो राहत होता. त्याच्या 'वॉल्डन' या १८५४ सालच्या पुस्तकात या कापणीचे वर्णन आहे. रोज शंभर आयरिश मजूर मुकादमांबरोबर येत आणि चांगल्या दिवशी हजार टन बर्फ काढीत. आयर्लंडमध्ये तेव्हा बटाट्याचे पीक कुजून भयानक दुष्काळ पडला होता आणि तिथली माणसे जहाजे भरभरून बोस्टनला उतरत होती. त्या शंभरांपैकी एकाचेही नाव पुस्तकात नाही. ट्यूडरला मात्र जग 'बर्फाचा राजा' म्हणून ओळखते.

थोरो त्या झोपडीत चार्ल्स विल्किन्सने १७८५ साली इंग्रजीत आणलेली भगवद्गीता वाचत असे. मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्याच विहिरीचे पाणी पीत आहेत आणि वॉल्डनचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळते आहे, अशी कल्पना त्याने रंगवली आहे. ती सुंदर आहे, आपल्याला सुखावणारी आहे. पण त्याच पुस्तकात त्याने खरी हकीकतही लपवलेली नाही. त्या हिवाळ्यात दहा हजार टन बर्फाचा पस्तीस फूट उंच ढीग तळ्याकाठी रचला होता. गवत आणि फळ्यांनी झाकलेला तो ढीग पुढच्या जुलैत उघडला, थोडा नेला, आणि बाकीचा तसाच उन्हात पडून राहिला. तो पुरता वितळायला १८४८चा सप्टेंबर उजाडला. बहुतेक पाणी तळ्याने परत मिळवले. कविकल्पनेतली गंगा आणि मजुरांनी वाहिलेला, मग वाया गेलेला तो ढीग, या दोन्ही गोष्टी एका पानामागे दुसऱ्या पानावर आहेत. आपण बहुधा पहिलीच लक्षात ठेवतो.

०००

१८५६ साली बोस्टनहून एक लाख सेहेचाळीस हजार टन बर्फ परगावी आणि परदेशी गेला. हा त्या व्यापाराचा बहराचा काळ. ट्यूडर १८६४ साली, ऐंशी वर्षांचा होऊन वारला. त्यानंतर कृत्रिम बर्फाची यंत्रे आली. १८७०च्या दशकात मद्रासला आणि कलकत्त्याला बर्फाच्या कंपन्या निघाल्या, आणि सोळा हजार मैलांवरून पाणी आणण्याचे कारण उरले नाही. अमेरिकेत तळ्यांचा बर्फ गावोगावच्या घरांसाठी आणखी काही दशके कापला जात होता. पण वाढत्या शहरांचे सांडपाणी तळ्यांत उतरू लागले, आणि विजेवरची शीतकपाटे घरात शिरली. रिकामी पडलेली बर्फघरे, सुकलेले लाकूड आणि कोरडा भुसा यामुळे, आगीला आयते खाद्य झाली. बर्फ ठेवायची घरे जळून गेली, यापरता दैवदुर्विलास तो कोणता!

फ्रेश पाँड आज केंब्रिज शहराचे पिण्याच्या पाण्याचे तळे आहे. १८८८ साली कायदा होऊन काठची जमीन शहराकडे गेली आणि बर्फाचा व्यवसाय तिथून उठला. आता लोक त्याच्या काठाने फिरायला जातात. मात्र सगळीकडेच पुसले गेले असे नाही. मेनमधल्या साउथ ब्रिस्टल गावी १८२६ सालचे टॉम्प्सन घराण्याचे बर्फघर १९८५पर्यंत चालत होते. मासेमारांना तिथून बर्फ मिळे. पुढे गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारून संग्रहालय केले, आणि फेब्रुवारीत गावातली मंडळी जमून जुन्या हत्यारांनी बर्फ कापतात. न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वाम तळ्यावर १८९७ साली सुरू झालेली उन्हाळी वस्ती आहे. तिथे हिवाळ्यात सुमारे २०० टन बर्फ कापून भुशात ठेवतात, आणि उन्हाळ्यात आलेल्या कुटुंबांच्या लाकडी पेट्यांत तो रोज टाकतात. तिथल्या मुलांना बर्फ तळ्यातून येतो हे माहीत असते. ही साधी माहिती आपल्या काळात दुर्मिळ झाली आहे.

आणि त्या आठवणींना आता एक वेगळेच मोल आले आहे. वॉल्डन तळे कुठल्या तारखेला मोकळे झाले, हे थोरोने वर्षानुवर्षे टिपून ठेवले होते. १८४५ साली १ एप्रिल, १८४६ साली २५ मार्च, १८४७ साली ८ एप्रिल. बोस्टन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक यांनी या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. २०१२ साली तेच तळे २९ जानेवारीलाच मोकळे झाले होते. ज्या दिवसांत शंभर माणसे आणि घोडे त्या तळ्यावर वावरत, त्या दिवसांत तिथे पाणी हलत होते. पृथ्वी तापते आहे हे सांगणाऱ्या यंत्रांना, एका झोपडीत राहणाऱ्या माणसाच्या टिपणवहीने अशी साक्ष दिली.

०००

मुंबईचे बर्फघर विसाव्या शतकात पाडले गेले. त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे अवेस्ता-फारसीची जुनी हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. अपोलो स्ट्रीटचे नाव आता मुंबई समाचार मार्ग आहे. म्हणजे आइस्क्रीमने सर्दी झाल्याची बातमी ज्या पत्राने दिली, त्याचेच नाव बर्फघराच्या रस्त्याला मिळाले. हा योगायोग ठाऊक असलेली माणसे त्या रस्त्यावर किती भेटतील?

मद्रासची गोष्ट निराळी. तिथली इमारत उभी आहे. बर्फाचा धंदा बुडाल्यावर ती विकली गेली, बिलिगिरी अय्यंगार यांच्याकडे आली, आणि १८९७च्या फेब्रुवारीत, अमेरिका गाजवून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे नऊ दिवस राहिले. आज तिचे नाव विवेकानंद इल्लम आहे. पण आसपासच्या वस्तीला लोक अजूनही 'आइस हाऊस' म्हणतात. रिक्षावाल्याला, भाजीवालीला तो इंग्रजी शब्द राहिलेला नाही. तो त्यांच्या गावाचा शब्द झाला आहे. दीडशे वर्षांपूर्वी वितळलेल्या बर्फाचे तेवढेच शिल्लक राहिले, आणि ते राहिले ते बोलणाऱ्यांच्या तोंडी.

दोन भाषांच्या हद्दीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लवकर समजावे. आपल्या बेळगावात कॅम्प आहे, किल्ला आहे, खडेबाजार आहे. कुठल्या गल्लीचे नाव मराठी, कुठलीचे कानडी, कुठलीचे उर्दू, यावर आपण हिरिरीने बोलतो. पण त्या नावाच्या जागी काय होते, तिथे कोण राबत होते, हे विचारायला मात्र विसरतो. ट्यूडरच्या रोजनिशा जपल्या गेल्या म्हणून तो आपल्याला कळतो. आयरिश मजूर, मसुला होडीवरचे कोळी, अलाहाबादचे परळ मांडणारे कारागीर यांच्याजवळ लिहायला वही नव्हती. त्यांच्या पोराबाळांना कुणी वेळेवर विचारले असते, तर बर्फाचा इतिहास दोन्ही काठांनी लिहिता आला असता.

आपल्याकडे मासळीच्या बंदरावर लाद्या फोडणारे, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी केलेले, सायकलवर भुशात लपेटून लादी गावोगाव पोचवलेले म्हातारे अजून आहेत. बर्फ कुठून यायचा, किती वाटेत जायचा, भुसा कुठल्या वखारीतून आणायचा आणि किती घरांच्या लग्नांत त्यांनी तो पोचवला, हे त्यांना तोंडपाठ आहे. या दिवाळीत त्यांच्यापैकी कुणी ओसरीवर भेटले तर फराळाबरोबर तेवढे विचारून घ्यावे, आणि लिहून ठेवावे.